मोसमातलं फळ बरणीत ठेवायचं असेल तर

पीच पिकायला लागले की सगळे एकदम पिकतात. सोमवारी दगडासारखे, गुरुवारी अंगठा टेकवला की खळगा पडणारे, आणि रविवारी टोपलीच्या तळाशी रस सुटून वर चिलटं घोंघावायला लागलेली. माणूस खाऊन खाऊन किती खाणार! शेजारीपाजारी वाटले तरी उरतातच. फ्रीजरमध्ये आधीच जागा नसते आणि जॅम केला तर फळाची फोड म्हणून काही उरत नाही. अशा वेळी उपयोगी पडतं ते कॅनिंग, म्हणजे फोडी पाकात घालून काचेच्या बरणीत हवाबंद करणं. नीट बंद झालेली बरणी फ्रीजबाहेर, साध्या कपाटात वर्षभर राहते. आतलं फळ ताज्यासारखं करकरीत राहत नाही, ते शिजलेलंच असतं. पण चव, वास आणि फोडीचा आकार टिकतो.

स्वयंपाक करणाऱ्या माणसाला मोजमापाची चीड असते. मीठ चिमटीने, पाणी नजरेने. मलाही तशीच सवय. कॅनिंगमध्ये मात्र दोन प्रकारची कामं असतात आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. गोडी किती, दालचिनीचा तुकडा टाकायचा की नाही, फोडी लांब की चौकोनी, इथे तुमचा हात मोकळा. आंबटपणा, बरणीतली वरची मोकळी जागा आणि उकळण्याची मिनिटं, इथे अंदाज चालत नाही. असं का, ते आधी समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं.

बरणीत नेमकं होतं काय

ही युक्ती एका फ्रेंच मिठाईवाल्याची. निकोला अपेर त्याचं नाव. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, एवढंच त्याने केलं. अन्न महिनोन्‌महिने टिकलं. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला या शोधासाठी १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. गंमत म्हणजे हे का टिकतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. अन्न नासवणारे सूक्ष्मजीव असतात आणि ते उष्णतेने मरतात, याचा उलगडा पुढे जवळपास पन्नास वर्षांनी लुई पाश्चरच्या प्रयोगांतून झाला.

उकळत्या पाण्यात बरणी ठेवली की दोन गोष्टी घडतात. आतल्या बुरशा, यीस्ट आणि बहुतेक जीवाणू मरतात. शिवाय आतली हवा तापून झाकणाच्या कडेने बाहेर निसटते. बरणी थंड होताना आत पोकळी तयार होते, झाकण आत ओढलं जातं आणि कडेला चिकटतं. मग बाहेरून नवीन काही आत शिरत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. अडचण 'बहुतेक' या शब्दात आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जीवाणू बीजाणूंच्या रूपात मातीत सगळीकडे असतो आणि ते बीजाणू १०० अंशाच्या उकळीलाही दाद देत नाहीत. ओलसर, प्राणवायू नसलेली, फारशी आंबट नसलेली जागा मिळाली की ते रुजतात आणि बोट्युलिझम घडवणारं विष तयार करतात. ते जीवघेणं असतं आणि वासावरून किंवा चवीवरून ते दरवेळी कळत नाही. हवाबंद बरणी म्हणजे त्यांना हवी तशीच जागा. त्यांना अडवणारी एकच गोष्ट बरणीत असते, ती म्हणजे आंबटपणा. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हे बीजाणू रुजत नाहीत. (पीएच जितका कमी, तितकी वस्तू आंबट.)

म्हणून तर फळं उकळत्या पाण्यात बरणीबंद करता येतात आणि भाज्या येत नाहीत. घेवडा, मका, गाजर, मांस यांना ११६ अंशांच्या वर तापमान लागतं. ते खास प्रेशर कॅनरमध्येच मिळतं आणि तो वेगळा विषय आहे. रोजचा लहान कुकर त्याच्या जागी चालत नाही. तो फार लवकर तापतो, फार लवकर निवतो, आणि कॅनिंगच्या मिनिटांत हा चढता-उतरता वेळही हिशोबात धरलेला असतो.

कोणतं फळ घ्यायचं

निर्धास्त घ्यावीत अशी फळं: सफरचंद, पिवळ्या गराचे पीच, जर्दाळू, प्लम, पेअर, चेरी, अननस, द्राक्षं आणि बहुतेक बेरी. यांचा स्वतःचा आंबटपणा पुरेसा असतो. खाताना गोड लागली तरीही. पेअर जिभेला अजिबात आंबट लागत नाही, पण पीएचच्या हिशोबात ते बसतं. जिभेवर विसंबू नका असं म्हणायचं ते यासाठी.

काठावरची फळं: अंजीर, टोमॅटो (हो, तेही फळच) आणि सफरचंदासारखं गोल, करकरीत आशियाई पेअर. यांना आंबटपणाची जोड द्यावी लागते. लहान बरणीत (सुमारे ४७५ मिली) एक टेबलस्पून म्हणजे १५ मिली लिंबाचा रस, मोठ्या बरणीत (सुमारे ९५० मिली) दोन. हा रस बाटलीतला, विकतचा घ्यायचा. एरवी मी ताज्या लिंबाची बाजू घेईन, पण ताज्या लिंबाचा आंबटपणा झाडागणिक बदलतो, बाटलीतल्या रसाचा ठरावीक राखलेला असतो. इथे ठरावीकपणाच हवा आहे. टोमॅटो आणि अंजिरात लिंबाऐवजी सायट्रिक ॲसिडही चालतं: लहान बरणीला पाव टीस्पून, मोठीला अर्धा.

नवख्याने हात लावू नये अशी: केळं, पपई, कलिंगड, खरबूज आणि पांढऱ्या गराचे पीच. यांचा आंबटपणा कमी पडतो. पिकलेल्या आंब्याचा तर जातीगणिक वेगळा, काही वेळा ४.६ च्या पलीकडे जाणारा. ही फळं फ्रीजरमध्येच ठेवावीत.

फळ पक्कं पिकलेलं, पण टणक हवं. जे ताटात कापून आनंदाने खाल तेच बरणीत घाला. मऊ पडलेली, डागाळलेली फळं 'बरणीत खपून जातील' म्हणून भरली तर वर्षभर तीच मऊ, डागाळलेली फळं समोर येत राहतात.

सामान

बरण्या कॅनिंगसाठीच बनवलेल्या घ्या: जाड काच, तोंडावर आटे, आणि दोन भागांचं झाकण. त्यातला एक भाग पातळ चपटी चकती, जिच्या कडेला चिकटण्यासाठी लेप असतो. दुसरी आट्यांची कडी, जी चकतीला जागेवर धरते. आट्यांच्या बरणीचं पेटंट जॉन मेसन या अमेरिकन कारागिराने १८५८ मध्ये घेतलं. कडी आणि बरणी वर्षानुवर्षं वापरता येते. चकती एकदाच. दुसऱ्यांदा वापरलेली चकती कधी चिकटते, कधी नाही, आणि न चिकटल्याचं कधीकधी दोन महिन्यांनी कळतं.

विकतच्या जॅमच्या रिकाम्या बरण्या साठवायची सवय सगळ्यांना असते. मसाल्यांना ठेवा, कॅनिंगला नको. त्यांची काच पातळ असते, उकळत्या पाण्यात फुटते आणि झाकणही पुन्हा खात्रीने चिकटत नाही.

पातेलं इतकं उंच हवं की तळाशी जाळी, जाळीवर बरणी, बरणीच्या डोक्यावर किमान अडीच सेंटीमीटर पाणी आणि त्याच्यावर उसळायला थोडी जागा, एवढं मावेल. त्यावर बसणारं झाकण हवं. जाळी का? बरणी थेट तळाला टेकली तर खालून तापून तडकते. जाळी नसेल तर जास्तीच्या कड्या एकमेकींना तारेने बांधून तळाशी ठेवल्या तरी काम होतं.

याशिवाय रुंद तोंडाचं नरसाळं, बरणी उचलायचा खास चिमटा, बुडबुडे काढायला लाकडी किंवा प्लास्टिकची चपटी काडी, एक पट्टी आणि स्वच्छ फडकी. चिमट्यात कंजूसपणा करू नका. उकळत्या पाण्यातून भरलेली काच साध्या सांडशीने उचलणं म्हणजे पाय भाजून घेण्याची तयारी.

पहिली खेप: पीचच्या चार बरण्या

पहिल्यांदा चारच बरण्या करा. दहा करायला गेलात तर शेवटच्या तीन वैतागून भरल्या जातात. सुमारे ४७५ मिलीच्या चार बरण्यांना सव्वादोन किलो पीच लागतात. बाठ सहज सुटणारी जात मिळाली तर निम्मा त्रास वाचतो.

आधी बरण्या तपासा. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवा. बारीकसा टवका उडालेला असेल तर ती बरणी चिकटणार नाही, बाजूला काढा. साबणाच्या पाण्याने धुऊन त्या गरम पाण्यात ठेवून द्या. दहा मिनिटं किंवा जास्त उकळणार असाल तर आधी वेगळ्या निर्जंतुक करण्याची गरज नाही, पण त्या गरम असायलाच हव्यात. पहिल्या वर्षी मी ओट्यावर थंडगार बरण्या मांडल्या आणि उकळता पाक ओतला. टिच्‌ असा आवाज आला आणि एका बरणीचा तळ गोल कापल्यासारखा सुटून आला. पीच, पाक आणि काचा, सगळं ओट्यावर. तेव्हापासून बरणी गरम पाण्यातून बाहेर येते ती थेट भरायलाच.

मोठं पातेलं अर्धं भरून गॅसवर ठेवा. ते तापेपर्यंत पाक करा. पाक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तार येते. इथे तार धरायची नाही, साखर विरघळून पाणी उकळलं की झालं. १ लिटर पाण्याला ११० ग्रॅम साखर घातली तर अगदी हलका पाक होतो, २५० ग्रॅमला हलका, ४३० ला मध्यम आणि ६७० ला चांगला घट्ट. चार बरण्यांना २५० ग्रॅमवाला पाक पुरून थोडा उरतो. मला स्वतःला हाच आवडतो. घट्ट पाकात फळापेक्षा साखरच लक्षात राहते आणि फोडीही वर तरंगतात.

फळ टिकायला साखर लागते असा समज आहे. जॅममध्ये तो बराचसा खरा आहे, इथे नाही. इथे फळ टिकतं ते आंबटपणा, उष्णता आणि हवाबंद झाकण यांच्यामुळे. साखरेने रंग, फोडीचा टणकपणा आणि चव चांगली राहते, एवढंच. ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांनी साधं पाणी किंवा सफरचंदाचा, द्राक्षांचा बिनसाखरेचा रस घालावा. मिनिटं तीच.

आता साल. दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळा आणि पाच-सहा पीच अर्धा ते एक मिनिट त्यात बुडवून लगेच थंड पाण्यात टाका. पिकलेल्या पीचची साल मग अंगठ्याने सरकवली तरी ओल्या कागदासारखी निघते. निघत नसेल तर फळ कच्चं आहे. ते चाकूने सोलत बसण्यापेक्षा दोन दिवस पिकायला ठेवा. फळाला एक खाच असते, तिच्यावरून गोल चाकू फिरवा, दोन्ही अर्धे उलट्या दिशांना पिळा आणि बाठ काढा. बाठेभोवतीचा लाल तंतूंचा भाग चमच्याने खरवडला तर पुढे पाक तपकिरी होत नाही.

सोललेल्या फोडी हवेत काळ्या पडतात. २ लिटर पाण्यात क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या कुटून विरघळवा आणि फोडी त्यात टाकत जा. भरण्याआधी निथळून घ्या.

भरण्याच्या दोन रीती आहेत. कच्च्या फोडी बरणीत घालून वरून उकळता पाक ओतायचा, ही कच्ची भरणी. फोडी पाकातच घालून एक उकळी आणायची आणि मग भरायच्या, ही गरम भरणी. कच्ची सोपी वाटते म्हणून नवखे तिकडे वळतात आणि दुसऱ्या दिवशी बरणीत फोडी वर, पाक खाली अशी अवस्था बघून हिरमुसतात. कच्च्या फळात हवा भरलेली असते. ती तापून निघून गेली की फोडी आकसतात आणि तरंगतात. गरम भरणीत हे आकसणं पातेल्यातच उरकतं, बरणीत जास्त फळ मावतं आणि रंगही टिकतो. पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

एक बरणी गरम पाण्यातून काढा, पाणी ओता, नरसाळं ठेवा. अर्ध्या फोडी बाठेचा खळगा खाली येईल अशा एकावर एक बसवा, म्हणजे बरणी दिसतेही देखणी. वरून गरम पाक घाला, पण तोंडाच्या कडेपासून सव्वा सेंटीमीटर रिकामे ठेवून. पट्टी लावून मोजा. हीच ती वरची मोकळी जागा. ती कमी ठेवली तर उकळताना पाक फसफसून झाकणाखाली येतो आणि चकती चिकटत नाही. जास्त ठेवली तर सगळी हवा बाहेर जात नाही आणि वरच्या फोडी काळवंडतात.

काडी बरणीच्या आतल्या कडेने हळूच फिरवा. फोडींमध्ये अडकलेले बुडबुडे वर येतील आणि पाकाची पातळी खाली जाईल. पुन्हा मोजून पाक घाला. काडी धातूची नको, काचेवर ओरखडे उठतात आणि तिथूनच ती पुढे तडकते. मग ओल्या स्वच्छ फडक्याने बरणीची कडा पुसा. पाकाचा एक चिकट थेंब राहिला तरी झाकण बसत नाही. एवढी मेहनत करून बरणी याच कारणाने वाया गेली की स्वतःचाच राग येतो.

चकती ठेवा, कडी लावा. किती घट्ट? बोटांच्या टोकांनी फिरवून अडली की थांबा. मनगटाचा जोर लावायचा नाही. आतली हवा बाहेर पडायला वाट हवी. ती बंद केली तर चकती वाकते.

उकळणं

गरम भरलेल्या बरण्या पाण्यात ठेवताना पाणी वाफाळतं हवं, साधारण ८२ अंश. कच्ची भरणी असेल तर ६०. बरण्या उभ्या, सरळ उचलून जाळीवर ठेवा, एकमेकींना चिकटून नकोत. पाणी डोक्यावर अडीच सेंटीमीटर येईल इतकं गरम पाणी वाढवा, झाकण घाला, आच मोठी करा. पाणी खळखळून उकळायला लागलं की तेव्हा घड्याळ लावा, त्याआधी नाही. मध्ये उकळी थांबली तर पुन्हा उकळी आणून मिनिटं शून्यापासून मोजायची. जिवावर येतं, पण दुसरा इलाज नाही.

पुढची मिनिटं समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीपर्यंतची आहेत. लहान बरणी म्हणजे सुमारे ४७५ मिली, मोठी म्हणजे सुमारे ९५०. तुमची बरणी या दोन्हींच्या मधली असेल तर मोठीची वेळ धरा. त्याहून मोठ्या बरणीत हे करू नका.

- पीच, जर्दाळू: गरम भरणी लहान २०, मोठी २५, कच्ची भरणी लहान २५, मोठी ३०
- पेअर, पाकात ५ मिनिटं उकळून: लहान २०, मोठी २५
- सफरचंदाच्या फोडी, पाकात ५ मिनिटं उकळून: दोन्ही २०
- प्लम: लहान २०, मोठी २५. अख्खे ठेवणार असाल तर काट्याने टोचा, नाहीतर साल फुटते
- चेरी, गरम भरणी: लहान १५, मोठी २०
- अननस, पाकात १० मिनिटं मंद शिजवून: लहान १५, मोठी २०

उंचावर राहत असाल तर मिनिटं वाढतात. दर ३०० मीटरला पाणी जवळपास एक अंश कमी तापमानाला उकळतं. डोंगरावरची उकळी दिसते तितकीच जोरकस, पण असते थंड. ३०० ते ९०० मीटरवर ५ मिनिटं वाढवा, ९०० ते १८०० वर १०, त्याच्याही वर १५.

वेळ झाली की गॅस बंद करून पातेल्याचं झाकण काढा आणि पाच मिनिटं बरण्या तशाच पाण्यात राहू द्या. ही पाच मिनिटं बरेच जण गिळतात. बरणी एकदम बाहेर आली की आतला पाक अजून उसळत असतो आणि झाकणाखालून बाहेर झिरपतो. मग चिमट्याने सरळ वर उचला. चकतीवर साचलेलं पाणी सांडायला बरणी तिरकी करू नका, ते वाळेल आपोआप. ओट्यावर जाड फडकं पसरून, बोटभर अंतर सोडून ठेवा. वाऱ्याचा झोत नको.

आणि मग हात लावायचा नाही. बारा ते चोवीस तास. कडी पुन्हा आवळायची नाही, बरणी उलटी करायची नाही. थोड्या वेळाने 'टक्‌' असा आवाज येतो, चकती आत ओढली गेल्याचा. सगळ्यांच्या आधी एक वाजते, मग दुसरी. चौथीची वाट बघत स्वयंपाकघरात उगाच रेंगाळणं हा या कामातला सगळ्यात सुखाचा भाग. एखादी आवाज न करताही बसते, तेव्हा घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी

कड्या काढा. चकतीच्या मधोमध बोट दाबा. ती आधीच आत गेलेली असेल आणि हलत नसेल तर उत्तम. खाली-वर टकटकत असेल तर बरणी चिकटली नाही. ती फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवा, किंवा चोवीस तासांच्या आत नवीन चकती लावून पूर्ण वेळ पुन्हा उकळा. फळ आणखी मऊ होईल, म्हणून मी तरी खाऊनच टाकते. कड्या काढून चकतीची कडा बोटांनी धरून बरणी अलगद, अगदी इंचभरच उचलून बघा. पेलली तर पकड पक्की.

काही गोष्टी बघून नवखा घाबरतो, पण त्या निरुपद्रवी असतात. पाक थोडा कमी झाला असेल तर उघडून भरू नका. उघडली की झालेलं सगळं गेलं. वरची फोड जरा तपकिरी होईल, खायला ठीक. पेअर कधीकधी गुलाबी होतात, तो फळातल्याच द्रव्यांचा उष्णतेने झालेला बदल आहे. बरणीबाहेर पांढरा थर आला तर पाणी जड आहे. पुढच्या वेळी पातेल्यातल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला.

आता काही 'सोप्या' युक्त्यांबद्दल, कारण त्या कोणीतरी सांगणारच. बरण्या ओव्हनमध्ये तापवणं, उकळतं फळ भरून झाकण लावून उलटं ठेवणं, डिशवॉशरमध्ये फिरवणं. यांपैकी कशातही फळाच्या गाभ्यापर्यंत पुरेशी उष्णता खात्रीने पोचत नाही, आणि ओव्हनमधली बरणी तर फुटूही शकते. उलट्या ठेवलेल्या बरणीचं झाकण चिकटतं, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण झाकण चिकटणं आणि आतलं सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठेवणं आणि उघडणं

बरण्या धुऊन, पुसून, कड्या न लावता ठेवा. कडी लावून ठेवली तर ती गंजते. शिवाय आत काही बिघडून चकती सुटली, तरी कडी तिला दाबून धरते आणि बिघाड लपतो. जागा अंधारी, कोरडी, थंड, १० ते २१ अंशांची. चुलीच्या वरचं कपाट सोयीचं वाटतं, पण उष्णतेने रंग आणि चव लवकर उतरते. वर्षाच्या आत संपवा.

उघडण्याआधी बरणी डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. चकती फुगलेली, कडेने ओघळ, पाकात बुडबुडे उसळताना, बुरशी, उघडताना आतलं फवाऱ्यासारखं उडणं, विचित्र वास, यांपैकी काहीही दिसलं तर टाकून द्या. चाखून बघू नका, बुरशी काढून उरलेलं खाऊ नका, आणि पाळीव जनावरांच्या तोंडाला लागेल असंही टाकू नका. उघडलेली चांगली बरणी फ्रीजमध्ये.

उरलेला पाक फेकायचा नसतो. त्यात फळ उतरलेलं असतं. अर्धा होईपर्यंत आटवून केकवर ओता किंवा थंड पाण्यात घालून प्या.

लेबलवर फळ आणि तारीख सगळेच लिहितात. मी पाक किती ग्रॅमचा, भरणी कच्ची की गरम, तेही लिहिते. आणि पहिली बरणी उघडल्यावर त्याच खेपेच्या उरलेल्या बरण्यांवर पेन्सिलीने शेरा: 'दालचिनी जास्त झाली', 'फोडी मोठ्या हव्या होत्या'. पुढच्या मोसमात टोपली समोर आली की यातलं काहीही आठवत नाही.